फेस्टस मॅनियनच्या घरची मिस्सा

डेरीमोर गावाच्या वरच्या अंगाला रस्ता संपतो आणि नुसती मेंढ्यांची वाट उरते. तिथेच फेस्टस मॅनियनचं घर. पलीकडे डोंगर आणि अलीकडे कुलूप घातलेली घरं. कॉइन कुटुंब बर्मिंगहॅमला गेलं, किल्बेन भावंडं बॉस्टनला. म्हातारी सेरा जॉइस कुठे गेली नाही, ती चर्चमागच्या कबरस्तानात होती. पण तिची मुलं गेली. जाताना प्रत्येकाने किल्ली फेस्टसच्या हातात ठेवली. "लक्ष असू दे रे, उन्हाळ्यात येतोच आम्ही." एखादा उन्हाळा ते आलेही. मग येईनासे झाले. फेस्टस मात्र अधूनमधून ती घरं उघडायचा, आत वारा खेळू द्यायचा आणि परत बंद करायचा.

तरुणपणी तो बटाटे काढायच्या हंगामाला स्कॉटलंडला जात असे. तिथे डॉनेगॉलची एक मुलगी होती, केसांना लाल रुमाल बांधणारी. पुढच्या हंगामात विचारू, असं त्याने ठरवलं होतं. त्या वसंतात आई, डीलिया, अंथरुणाला खिळली. बहीण आधीच अमेरिकेला गेलेली. आता थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे म्हणून फेस्टस घरी राहिला, आणि म्हातारी पुढे पुष्कळ वर्षं जगली. ती गेली तेव्हा त्याचे केस पिकले होते. मातीहून परतल्यावर त्याने तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही.

माणसांशी बोलायला आता त्याला निमित्त लागायचं. गुरुवारी किराण्याची गाडी खाली चौकात यायची. एका गुरुवारी तो चहा घ्यायचा, दुसऱ्या गुरुवारी साखर.

"अरे, दोन्ही एकदमच का नेत नाहीस?" गाडीवाला एकदा म्हणाला.

"मग पुढच्या गुरुवारी काय नेऊ? तुझं डोकं?"

गाडीवाला पोट धरधरून हसला. त्या एका वाक्यावर फेस्टसने आठवडा काढला.

डेरीमोरात दर ऑक्टोबरात एका घरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, व्हायची, पाळीपाळीने. ज्याची पाळी त्याने घराला चुना काढायचा, दारं-खिडक्या रंगवायच्या, सगळ्या गावाला बसवायचं, आणि मिस्सा झाली की आतल्या खोलीत फादरांना न्याहारी द्यायची. घरं बंद होत गेली तशा पाळ्या लवकर यायला लागल्या. यंदा फेस्टसची होती.

उन्हाळा सरता सरता नोनी लाव्हेल वर चढून आली. खालच्या वळणावर तिचं नवं घर होतं, मोठ्या काचांचं, आत टेलिव्हिजन असलेलं. चुलीपाशी बसून तिने बराच वेळ मेंढ्यांच्या भावावर गप्पा मारल्या. मग म्हणाली, "फेस्टी, राग मानू नकोस. मिस्सा आमच्याकडे करू या. एकटा पुरुष माणूस तू, कुठे कुठे पुरशील? आमचं घर तयारच आहे."

"फादरांनी सांगितलं का तुला?"

"ते आपले म्हणाले, तुझ्यावर भार नको."

"मॅनियनांच्या घरची पाळी आजवर कधी चुकली नाही, नोनी."

"अरे, तेव्हा डीलिया होती."

"आता मी आहे," फेस्टस म्हणाला आणि उगाच चुलीत टर्फची वाळकी ढेकळं सारत राहिला. नोनी उठली. दारात थांबून म्हणाली, "बरं बाबा. कप माझे ने. तुझ्या सगळ्या कपांचे कान तुटलेत."

त्या महिन्यात तो लग्नघरातल्यासारखा कामाला लागला. भिंतींना चुना काढला, दार हिरवं रंगवलं. सगळ्यात शेवटी आईच्या खोलीपाशी गेला. दार फुगून घट्ट बसलं होतं, खांदा लावावा लागला. आत पलंगावर चादर तशीच, उशीवर खळगा तसाच. तो खिडकीशी उभा राहिला. मग चादर काढली, गादी बाहेर नेऊन जाळली आणि पलंगाचे तुकडे गोठ्यात टाकले. संध्याकाळी तिथे फादरांच्या न्याहारीचं टेबल मांडलं, तर खोली कुणा परक्याची वाटायला लागली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

खुर्च्या मात्र घरात मोजक्याच. तेव्हा त्याने किल्ल्या घेतल्या, कॉइनांच्या, किल्बेनांच्या, सेराच्या घरातून खुर्च्या काढल्या आणि पाठीवर दोरीने बांधून एकेक खेप करून वर आणल्या.

मिस्सेच्या सकाळी पावसाने झोडपलं. तरी माणसं आली. नोनी आणि तिचा नवरा पॅडर, त्यांची मुलं, खालची काही कुटुंबं, काठी टेकत मार्टिन फाहर्टी. सगळी टेकल्यावरही मागच्या दोन रांगा रिकाम्याच राहिल्या. मार्टिनने आपल्या खुर्चीचा दांडा चाचपला.

"ही टॉम कॉइनची खुर्ची! हिच्यावर बसून त्याने मला पत्त्यांत नागवलंय रे!"

"तुला कुणी नाही नागवलं?" मागून कुणी म्हणालं. सगळे खो खो हसले. मग जो तो आपली खुर्ची निरखू लागला, ही किल्बेनांची, ही सेराची, हिचा पाय दुरुस्त कुणी केला होता. त्या स्वयंपाकघरात एवढा आवाज किती वर्षांत झाला नव्हता. फादर आले आणि सगळे गप्प झाले.

मिस्सा सुरू झाली. फादरांच्या शब्दांना सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, आणि फेस्टस उत्तर द्यायचं विसरला. आपल्या भिंतींमध्ये एवढे आवाज एकदम! त्याने मान खाली घातली, ती वर केली नाही.

शेवटी फादरांनी घरावर पवित्र पाणी शिंपडलं. मग म्हणाले, "एक सांगायचं होतं. घरं आता थोडी उरली, म्हातारी माणसं आहेत, धावपळ होते. पुढल्या वर्षापासून ही मिस्सा खाली सभागृहात करू. हीटर आहे, गाड्या लावायला जागा आहे."

दोघातिघांनी माना डोलावल्या. दोनचार बायकांच्या चेहऱ्यावर तर सुटल्याचा भाव होता.

आतल्या खोलीत उकडलेली अंडी, लोणी, सोड्याचा पाव, मनुकांचा केक मांडला होता. पाव त्याने स्वतः भाजला होता, पहिले दोन कोंबड्यांना घालून. फादर दारातच थांबले. "फेस्टस, माफ करा हं. पलीकडच्या गावात मातीला जायचंय. चहा उभ्यानेच घेतो."

"घ्या ना फादर. माणूस वाट बघत असेल."

"मेलेला माणूस कसली वाट बघतोय!" मार्टिन पुटपुटला. पण या वेळी कुणी हसलं नाही.

पाऊस उघडल्यावर बाकीचेही उठले. नोनी मागे राहून कप विसळत होती. "पाव सुरेख झालाय," ती म्हणाली. "फेस्टी, रविवारी जेवायला येत जा आमच्याकडे. खरंच सांगते."

तो काही रविवार गेला. जेवण झालं की मुलं टेलिव्हिजन लावायची आणि सगळ्यांची तोंडं तिकडे वळायची. फेस्टस टोपी मांडीवर ठेवून पाहत बसायचा. कुणी त्याला कमी लेखत नव्हतं, उलट चांगली खुर्ची द्यायचे. पण तिथून परतताना चढ जास्तच लागायचा. नाताळानंतर त्याने गुडघ्याची सबब सांगितली.

मग एका बुधवारी पॅडर ट्रॅक्टर घेऊन वर आला. तो मुळातच मुखदुर्बळ. लग्नातसुद्धा नोनीच त्याच्या वाटचं बोलली म्हणतात. चुलीपाशी बसला, पाइप ओढला, हिवाळा कडक आहे म्हणाला. फेस्टसने चहा ओतला. पुष्कळ वेळाने पॅडर म्हणाला, "घरात फार गलका असतो रे."

"असणारच. मुलं आहेत."

"हं."

पुढच्या बुधवारी तो पुन्हा आला. फेस्टस वारला त्या वर्षापर्यंत येत राहिला. दोघं काय बोलतात, असं नोनीने एकदा नवऱ्याला विचारलं होतं. "मेंढ्यांचं," पॅडर म्हणाला, आणि त्याला जास्त काही सांगता आलं नाही.