पक्का निळा

कारखान्यात त्याला सगळे ‘पक्का’ म्हणत. एकतीस वर्षं तो कापड रंगवत होता आणि त्याचा निळा धुण्यात उतरला अशी एकही तक्रार आली नव्हती. उरलेलं रंगीत पाणी मागच्या नाल्यात जायचं. त्याबद्दलही तक्रार नव्हती, कारण नाल्याला तोंड नसतं.

मुलीला त्याने हौसेने शिकवलं, तर तिने प्रयोगशाळेत नेमकं पाण्यातून रंग घालवायचं काम धरलं. कागदासारखा पांढरा पडदा, त्यावर खास भुकटीचा थर. दिव्याचा उजेड पडला की तो थर पाण्यातल्या रंगाचे तुकडे करतो, असं तिने जेवताना समजावलं.

“म्हणजे मी रंग बसवायचा आणि तू घालवायचा,” तो म्हणाला. “घरातल्या घरात बरं आहे.”

बाटलीतले नमुन्याचे रंग पडद्याने तासाभरात उडवले. मग तिने बाबांच्या हौदातलं खरं पाणी मागितलं. त्याने डबा भरून दिला. तीन आठवडे झाले, निळा हलेना. मुलगी हिरमुसली. बापाने तोंडाने हळहळ व्यक्त केली, पण हल्ली तो शीळ घालत दाढी करतो हे बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

“लेकीचं काम अडलंय आणि तुम्हाला कसल्या गुदगुल्या होतायत?”

तो वरमला. दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत गेला. उंच भांडं गडद पाण्याने काठोकाठ भरलेलं, पडदा तळाशी, दिवा वर.

“अगं, माझ्या रंगातून उजेड खाली पोचणार कसा? आम्ही छटा बघायला पाणी ताटलीत पातळ पसरतो.”

“बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस,” तो म्हणाला. ते पूर्ण खरं नव्हतं.

पडदा उथळ तबकात ठेवून तिने वर जेमतेम नखभर पाणी ओतलं. दुपारी ते आकाशी झालं, संध्याकाळी नुसतं पाणी. मुलीचा चेहरा फुलला. तो तबकाकडे बघत राहिला. “एकतीस वर्षं,” एवढंच म्हणाला.

पुढे कारखान्याने तसली मोठी तबकं बसवली आणि मालकाने देखरेखीला पक्क्यालाच नेमलं. तबकातून निघालेलं पाणी पेल्यात घेऊन तो उजेडाकडे धरतो. किंचित झाक दिसली तरी पाणी पुन्हा पडद्यावरून फिरवायला लावतो. त्याच्या जागी आलेला रंगारी वैतागतो.

“अहो, एवढंसं कोणाला दिसणार आहे?”

“मला,” तो म्हणतो आणि पेला रिकामा करून दुसरा भरायला घेतो.