उत्तमचे डावे हात

अण्णांना सरळ काही दिसतच नसे. कुणी नमस्कार केला तरी "याचं आपल्याकडे काय काम असेल हो?" असं मला विचारत. ते करी रोडच्या आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, गिरणीतले निवृत्त जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. मी चिटणीस. माझाही स्वभाव फार वेगळा नव्हता, म्हणून तर आमचं जमायचं.

सत्तावन्न साली वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली आणि बोधचिन्हाची स्पर्धा ठेवली. पहिला आला उत्तम, शाळकरी स्काउट. त्याचा बाप कोंडीराम अण्णांच्याच खात्यातला कामगार, आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेला. चित्र साधं होतं: उघडं पुस्तक आणि त्यावर एकमेकांत घट्ट धरलेले दोन हात. परीक्षकांनी नावं झाकून निवड केली होती, नाहीतर अण्णांनी तिथंच खोडा घातला असता.

"हे हात डावे आहेत," चित्र नाकाजवळ नेत अण्णा म्हणाले. "दोन्ही डावे! पोराची अक्कल नव्हे ही. लाल बावटेवाल्यांनी पढवलंय." अण्णांना संयुक्त महाराष्ट्र हवा होता, पण समितीतल्या डाव्यांचं नाव काढलं की त्यांचं पित्त खवळे.

उत्तमला बोलावलं. तो म्हणाला, "अण्णा, आम्ही स्काउट डावाच हात मिळवतो. तो काळजाच्या बाजूचा."

स्काउटमास्तरांना विचारलं, तर तेही तेच म्हणाले. "म्हणजे मास्तरही त्यांच्यातलाच," अण्णांनी निकाल दिला. "उत्तम, उजवे हात काढ आणि छपाईचा ठसा करून आण. नाहीतर बक्षीस दुसऱ्याला. आणि ठसा मी स्वतः बघणार. माझा कुणाच्या शब्दावर विश्वास नाही."

पोराचे डोळे भरले. "मग ते माझं चित्र कसं राहील?" एवढंच बोलून तो गेला.

आठवड्यानं तो गिरगावातून ठसा घेऊन आला. चेहरा उतरलेला. बापानं झोडपलेला दिसतोय, असं मला वाटलं.

"अण्णा, मला नाही जमलं. मी हात—"

अण्णांनी तोवर पुडकं सोडून ठसा खिडकीशी धरला होता. "उजवे! शाबास!"

"पण अण्णा, ठशावर—"

"पण-बिण काही नको. पाठवा छापायला."

ठशावर सगळं उलटं असतं, तिथला उजवा हात कागदावर डावा उमटतो, हे गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात हयात गेलेल्या माणसाला कोण सांगणार? आणि सांगणाऱ्याला त्यांनी बोलू दिलं नव्हतं. समारंभाच्या निमंत्रणपत्रिका लालबाग-परळभर वाटल्या गेल्या तेव्हा आम्ही पाहिलं. दोन्ही हात डावे.

समारंभाला अण्णा तोंड पाडून आले. उत्तम गणवेशात मंचावर चढला, त्यानं बक्षिसाचा पेला घेतला, सलाम केला आणि डावा हात पुढे केला. मला धडकी भरली. कोंडीराम खाली उभा राहून बघत होता. इतकी वर्षं एका खात्यात काढून अण्णांनी त्याचा हात कधी हातात घेतला नव्हता, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

अण्णांनी त्या हाताकडे पाहिलं, खाली कोंडीरामकडे पाहिलं. मग आपला डावा हात पुढे केला आणि पोराचा हात घट्ट धरला. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू?

 घरी परतताना अण्णा चाळीच्या दाराशी थांबून म्हणाले, "चिटणीस, पोरानं हात दिला. कोंडीराम देईल का हो?"