जनूची जीभ

पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या माणसाची जीभ हे त्याचे अवजारच असते. मिठागरातल्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेवर ठेवले, की मीठ धरायला अजून किती दिवस लागतील हे जनू लहानपणापासून बिनचूक सांगे. चाळिशीत त्याच्या पायांची कातडी खाऱ्या पाण्याने फाटून गेली. तेव्हा तो रोह्याजवळ खाडीकाठी असलेल्या एका ट्रस्टच्या लहानशा प्राणिसंग्रहालयात सांबरांचा राखणदार म्हणून लागला. जीभ अर्थातच बरोबर आली. रोज सकाळी विहिरीचे पाणी कुंडीत सोडण्यापूर्वी तो ओंजळभर चाखी आणि म्हणे, "गोडं हाय." पेणहून दर बुधवारी येणाऱ्या पशुवैद्य वृंदाबाई वहीत लिहीत, 'पाणी योग्य.' सहा वर्षे एकाने चाखले आणि दुसरीने लिहिले. पाणी तपासायला पाठवावे, असे कोणालाच सुचले नाही.

जेमतेम दोन महिन्यांचे असताना आईविना आणलेले सांबराचे एक मादी पाडस जनूने बाटलीवर वाढवले होते. तिचे नाव त्याने पुतळी ठेवले. ती त्याच्या हाकेला कुंपणाशी येई आणि त्याच्या खिशात नाक खुपसे. शहाण्णवच्या मे महिन्यात, उधाणाच्या आठवड्यात, पुतळीने पाणी पिणे सोडले. कुंडीशी यायची, हुंगायची आणि मागे सरायची.

"वाढली नि नखरे शिकली," जनू तिला म्हणाला. "काय गो, तुला काय बाटलीचं सोड्याचं पानी पायजे?"

दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांच्या कडा सुकल्या. जनू घाबरला. तो कुंडीशी गुडघ्यांवर बसला, तिच्यादेखत ओंजळीने पाणी प्यायला आणि ओली बोटे तिच्या ओठांवरून फिरवली. पुतळीने त्याच्याकडे पाहिले. मग मान खाली घालून ती प्यायली, सावकाश आणि पुष्कळ. जनू तिच्या घशातून उतरणारा एकेक घोट ऐकत राहिला आणि मनाशी म्हणाला, वाचली. तिसऱ्या दिवशीही त्याने तिला तसेच पाजले. संध्याकाळी तिचा तोल जाऊ लागला. ती कुंपणावर आदळली, समोर उभ्या असलेल्या जनूला ओळखेना, आणि दिवस मावळताना गेली.

सकाळी निरोप मिळताच वृंदाबाई पहिल्या एसटीने आल्या. त्यांनी शवविच्छेदन केले, वहीत 'उष्माघात' लिहिले आणि हात धुतल्यावर जनूकडे प्यायला पाणी मागितले. एरवी त्या घरची बाटली आणत. त्या दिवशी ती घाईत राहिली होती. जनूने विहिरीचे दिले. पहिलाच घोट त्यांनी बाजूला थुंकला.

"जनूभाऊ, हे खारट आहे."

"नाय बाई. गोडं हाय."

"पुन्हा पिऊन बघा."

जनू पुन्हा प्यायला. पाणी जिभेवर धरून तो बराच वेळ उभा राहिला. त्याच्या गावात उन्हाळाभर जे पाणी प्यायले जाते, तशाच चवीचे हे होते. त्याची बायको बायजाबाई त्याला रोज तांब्यातून देई तेही असेच. मिठागरातल्या पाण्याशी ताडून पाहता जगातले कोणतेही पाणी गोडच लागणार, हे त्याला प्रथमच समजले.

"मला गोडंच लागतंय, बाई," तो हळू म्हणाला. "तिला कळलं व्हतं. मीच तिला पाजलं."

ट्रस्टचे चिटणीस हैबतराव यांना विहिरीची गोष्ट आवडली नाही. "उन्हाने गेली असं डॉक्टरांनीच लिहिलंय," ते म्हणाले. "आता पाण्याचं काढलंत तर बोट कुणाकडे जाईल? जनू, तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"साहेब, नऊ सांबरं अजून त्येच पितायत."

"ती तर धडधाकट आहेत."

"ती घाबरत घाबरत पितायत. मी तिथं बसलो तर पोटभर पितील."

वृंदाबाईंनी 'उष्माघात' खोडला आणि खाली लिहिले, 'विहिरीत उधाणाचे पाणी शिरले होते. सहा वर्षे पाण्याची तपासणी झाली नाही. जबाबदारी माझी.' जनूने पेन मागितले. त्याला सहीपुरतेच लिहिता येई. "माझं पन लिवा," तो म्हणाला, "की मी पाजलं." त्यांनी लिहिले. त्याने सही केली.

विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या. कुंडी घासून टँकरचे पाणी भरले. जनूला सांबरांवरून काढून बागेच्या कामाला लावले. ठपक्याचा कागद आला, तोही त्याने निमूट घेतला. पण दुपार झाली तरी नऊपैकी एकही सांबर नव्या पाण्याला तोंड लावीना. वृंदाबाई त्याला शोधत बागेत आल्या.

"जनूभाऊ, एकदाच आत चला. तुमचं ऐकतात ती."

"म्हणून तं येत नाय, बाई."

"तहानेने मरतील."

"त्यांना वास घेऊं द्या. त्यांचं त्यांना कळंल." मग तो म्हणाला, "तुमी पन तिथं उभ्या राहू नका."

दोघे कुंपणाबाहेर, कुंडीकडे पाठ करून बसले. ऊन कलले. सुकलेल्या पाल्यात खूर वाजले, पुढे आले, थांबले. मग घोट घेतल्याचा आवाज आला.

वृंदाबाई वळून पाहत म्हणाल्या, "पितायत."

जनूने मान वळवली नाही. पुतळी गेल्यापासून तो आवाज त्याला सारखाच ऐकू येत होता.

"किती जन पितायत?" त्याने विचारले.

"चार. नाही, पाच."

"तोंडं वर करून परत खाली घालतायत का?"

"हो, पुन्हा पितायत."

"मग खरीच पितायत," जनू म्हणाला, आणि तरीही वळला नाही.