पोचा गेलेलं ओगराळं

आमच्या शेजारच्या काकांना सगळी गल्ली गुठळीकाका म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायचा मान फक्त काकूंचा आणि माझा.

माणूस रंगाच्या कारखान्यात घोटणीवर. म्हणजे पांढरी भुकटी पाण्यात टाकून भिंतीचा रंग घोटायचा. बावीस वर्षं हेच. त्यामुळे गुठळी दिसली की काकांच्या अंगावर काटा येतो. दुधाच्या पावडरीत गुठळी, पिठात गुठळी, नातवाच्या औषधाच्या बाटलीत तळाशी बसलेला गाळ... काका चमचा घेऊन धावलेच. एकदा माझ्याकडे चहाला आले आणि माझ्याच कपातली साखर ढवळत बसले. मी म्हटलं, "काका, कपाचं बूड झिजेल."

"बूड झिजलं तर चालेल, तळाशी काही बसता कामा नये," काका म्हणाले.

या माणसाची खरी भक्ती एका औषधावर. कारखान्यात त्याला डिस्पर्संट म्हणतात, काका म्हणतात सोडवण्या. मला शंभर वेळा समजावलंय, तेव्हा तुम्हीही ऐकाच. भुकटीचे कण पाण्यात पडले की एकमेकांच्या गळ्यात पडतात. सोडवण्या प्रत्येक कणाभोवती असं काही लपेटतो की कण एकमेकांना दूर सारतात आणि सुटे सुटे तरंगत राहतात. काँक्रीटमध्ये घातला तर कमी पाण्यात काँक्रीट वाहतं. कापड रंगवताना, कातडं कमावताना, पिकावर फवारायच्या पावडरीत, सगळीकडे हाच. "पण बेताचा हवा," काका बोट उगारतात. "कमी पडला तर गुठळ्या. जास्त झाला तर फेस, आणि वाळलेला रंग ओल्या फडक्याला पुसून येतो."

हा बेत काका कशानं साधायचे? रोज पिशवीतून नेलेल्या-आणलेल्या घरच्या एका स्टीलच्या ओगराळ्यानं! बुडाला हा एवढा पोचा, काकूंच्या हातून कधीतरी पडलेलं. एका पिंपाला चार ओगराळी. बावीस वर्षांत एक पिंप बिघडलं नाही.

आता काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. कारखान्यात नवीन केमिस्टबाई आल्या, हुशार, हातात काचेची मापं. ओगराळं बघून त्यांना भोवळ यायची बाकी होती. मालकीणबाईंनी तोडगा काढला: सगळ्यांसमोर काकांनी एक पिंप करून दाखवायचं. उतरलं तर आणखी दोन वर्षं शिकवायला ठेवू, नाही उतरलं तर हार घालून निरोप.

काकांपेक्षा काकूंचा जीव वरखाली. "हे घरी बसले ना, तर माझं स्वयंपाकघर ढवळून काढतील. मी कुठे जाऊ?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकांना सुट्टी होती, आणि नेमका गल्लीत भांडी ठोकणारा आला. आता त्याला हाक कुणी मारली, हे आत्ताच विचारू नका. एवढंच सांगते, की मी सहज म्हटलं, "काकू, परीक्षेला जायचंय, ते ओगराळं जरा माणसात आणा की." काका दुपारचे झोपले होते. त्यानं चार ठोके घातले, पोचा साफ. काकूंनी घासून त्याचा आरसा केला आणि ते काकांच्या पिशवीत ठेवलं.

पुढचं काकांनी सांगितलं, काकूंनी मधे मधे दुरुस्त केलं.

चार ओगराळी सोडवण्या पडला, भुकटी पडली, घोटणी फिरली. आणि पिंपात फेस! काकांनी काठी बुडवून वर काढली. रंगाची धार कशी, दाट पडावी, खाली घडी घालत बसावी. ही धार सरळ पाण्यासारखी निथळली.

केमिस्टबाई हळूच म्हणाल्या, "काका, हा पातळ झालाय."

काकांनी ओगराळं उचललं, आत बघितलं, तर बुडात स्वतःचं तोंड! बावीस वर्षांत त्या बुडात तोंड दिसलं नव्हतं.

"पोचा गेला!" काका ओरडले.

"कोण गेलं?" मालकीणबाई दचकल्या.

"बाईसाहेब, माझं माप गेलं! दर खेपेला पोच्याएवढा सोडवण्या जास्त पडलाय. आता जास्तीचा काढता येत नाही, पण त्याला कामाला लावता येतं. भुकटी द्या."

"किती?" केमिस्टबाईंनी पेन उघडलं.

"ते धार सांगेल."

अर्धं अर्धं पोतं करत काका भुकटी सोडत गेले, लागेल तसं पाणी, आणि दर वेळी काठी वर. तिसऱ्या खेपेला धार दाट झाली, खाली घडी घालून बसली. "बास!" काका म्हणाले. केमिस्टबाईंनी दाटपणा मोजायचं यंत्र लावलं. काटा त्यांच्या कागदावरच्या आकड्याशी जाऊन थांबला. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या पट्टीवर ओला फडका घासून घासून त्यांचाच हात दुखला, रंग हलला नाही.

दोन वर्षं मिळाली. अट एकच: माप काचेचं, काठी काकांची. केमिस्टबाईंनी जास्तीच्या भुकटीवरून पोचा केवढा होता तेही काढलं म्हणे, आणि वहीत लिहिलं.

संध्याकाळी काका घरी आले, मी पेढ्यांच्या आशेनं आधीच बसलेली. ओगराळं टेबलावर ठेवून काकांनी विचारलं, "भांडी ठोकणाऱ्याला हाक कुणी मारली?"

काकू छताकडे बघायला लागल्या. मी पदराला पडलेला डाग शोधायला लागले.

"असं का," काका म्हणाले. "भुकटी वाढवल्यामुळे रंग जास्त झाला. मालकीणबाईंनी दोन डबे आपल्या जिन्याला दिलेत. रविवारी ब्रश घेऊन या."

तीन मजले रंगवले मी, एकटीनं. काका खाली खुर्ची टाकून, "वरचा कोपरा राहिला!" रंगात एक तरी गुठळी सापडावी म्हणून मी जीव तोडून शोधली. मेली एक नाही सापडली.