माटोळीतलं कवंडाळ

ती घटना विसरतो म्हटलं तरी विसरत नाही, कारण तीत चुकलो होतो मी स्वतः.

डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा निरीक्षक होतो. चवथीचा तिसरा दिवस. साखळीजवळच्या एका घरातून गणपतीवरचं चांदीचं छत्र गेलं. छत्र टांगलं होतं माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर रानफळं बांधतात त्या लाकडी चौकटीला. घरची माणसं दुपारी शेजारच्या आरतीला गेली आणि कोणीतरी डाव साधला. पंचनामा झाला. त्यात मीच लिहवून घेतलं, 'माटोळी सुस्थितीत.'

खबर घरमालकानेच दिली. "सायबा, पलीकडच्या घरातली ती पिशी बघा. वेडी हो ती. तीन दिवस आमच्या खिडकीत उभी असते."

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी महिला हवालदाराला घेऊन मी तिच्या घरी गेलो. पंचविशीची मुलगी. मी विचारतोय आणि ही बघतेय माझ्या पट्ट्याकडे. नजर चुकवतो तो चोर, हा माझा नोकरीभराचा ठोकताळा. मी आवाज चढवला. तिने दोन्ही कान दाबले आणि ती पुढेमागे झुलू लागली. मला वाटलं, नाटकं!

आई मध्ये पडली. "ओरडू नका, सायबा. ती स्वमग्न आहे. हा आजार नव्हे, तिच्या मेंदूची घडणच वेगळी. मोठा आवाज तिला सोसत नाही. डोळ्यांत बघायला लावलं की शब्द सुचत नाहीत. उद्या गाव तिला चोरटी म्हणेल, तो डाग मग कोण पुसणार?"

मी वरमलो. वायरलेस बंद केला, तोंड खिडकीकडे फिरवून बसलो आणि हळू विचारलं, "बाय, तिथे उभी राहून काय बघतेस?"

"माटोळी." मग ती थांबलीच नाही. "कवंडाळ डावीकडे होतं, सुपारीच्या घोसाजवळ. कुमयाच्या सालीने बांधलेलं. काल दुपारपासून उजवीकडे आहे. पिवळ्या वायरने बांधलंय."

मी तडक त्या घरी जाऊन स्टुलावर चढलो. पानांआड ते लालभडक फळ, आणि त्याला पिवळी वायर! छत्र सोडवताना चोराच्या हातून कवंडाळ निसटलं होतं. गडबडीत खिशातल्या वायरने त्याने ते पुन्हा बांधलं. मखरावरच्या दिव्यांच्या माळाही तसल्याच पिवळ्या वायरने जोडलेल्या होत्या. त्या माळा लावायला आलेल्या इसमाला मी बोलावलं आणि त्याच्याच वायरचं भेंडोळं त्याच्यापुढे ठेवलं. गड्याने खिशातून किल्ली काढून पुढे केली. छत्र त्याच्या स्कूटरच्या डिकीत निघालं.

त्या माटोळीखाली दोन वेळा आरती करणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं. पंचांना नाही, मला तर नाहीच. शाबास पोरी, असं मी मनापासून म्हणालो. पुढे हाताखालच्या पोरांना मी एकच सांगत राहिलो, माणूस कुठे बघतो यावरून त्याला गुन्हेगार ठरवू नका.

पुढच्या चवथीला मी त्या घरी दर्शनाला गेलो. ती स्टुलावर उभी राहून माटोळी बांधत होती. घरमालक खाली स्टूल धरून उभा होता आणि विचारत होता, "बाय, आता बरोबर झालं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.