नळी निळी की लाल

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, “सोमाभाऊ, तुमच्या लघवीत साखर आहे. भरपूर आहे.” नळीत घातलं होतं निळं औषध. लघवीचे थेंब टाकून उकळल्यावर ते भाजलेल्या विटेसारखं लाल झालं होतं. मी नळीकडे बघत होते. आमचे हे मात्र स्वतःच्या पायाकडे बघत होते, कारण आम्ही आलो होतो पायासाठी.

सोबत सासूबाई होत्या. गप्प बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. “आमच्या घरी साखर सनासुदीले येते डाक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “याच्या मुतात कुठून येऊन राह्यली?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नीट समजावलं. “याला डायबेटिस म्हणतात, मधुमेह. आपण जे खातो, अगदी भातसुद्धा, त्याची शरीरात साखर होते. ती अंगी लागायला इन्शुलिन नावाचा रस लागतो. यांच्या शरीरात तो कमी पडतो. मग साखर रक्तात साचते आणि लघवीतून बाहेर जाते.”

मला त्यातलं निम्मं कळलं. पण एक गोष्ट चटकन आठवली. गेल्या हिवाळ्यापासून घरामागच्या सांदवाडीत, हे लघवीला बसत त्या दगडाशी मुंग्यांची रीघ लागायची. यांना तहानही खूप लागायची. माठ भरून ठेवावा आणि यांनी रिकामा करावा. अंग उतरलं होतं, सदरा खांद्यावरून ओघळायचा. आम्ही म्हटलं, मेहनतीचं अंग आहे, उतरतं कधी कधी.

आम्ही ढिवर. आमचं गाव चिमूरच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली. हे डोंग्यातून जाळं टाकायचे, मी मासळी घेऊन बाजाराला बसायचे. त्या वर्षी यांच्या पायाच्या अंगठ्यात माशाचा काटा शिरला आणि यांना पत्ताच नाही. घरी आल्यावर ओटीवर रक्ताचा ठसा दिसला तेव्हा मीच ओरडले. पुढे अंगठा सुजला, पू झाला, तरी हे म्हणत, “दुखत तं नाई ना, मंग काऊन ओरडून राह्यली?”

डॉक्टरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. “दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजू नका. साखरेनं नसा बधिर होतात. दुखलं असतं तर तुम्ही लवकर आला असता.” हे वाक्य मी आजही प्रत्येक मधुमेह्याला सांगते. पाय दुखत नसेल तर जास्त बघा.

दवाखान्यात बरेच दिवस काढले. तिथल्या सिस्टरनं मला वांग्यात सुई टोचून इंजेक्शन शिकवलं. मी सुई वांग्यावर टेकवून थांबायचे. ती म्हणाली, “वांगं ओरडत नाही बाई, घाला.” इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात गार ठेवायची, काचेची सिरिंज उकळून घ्यायची, सगळं तिनं शिकवलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

नळीची तपासणीही शिकवली. आता बोटाला टोचून आकडा सांगणारं यंत्र आहे, तेव्हा घरी एवढाच उपाय होता. निळं औषध नळीत घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, उकळायचं. निळंच राहिलं तर लघवीत साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी लाल म्हणजे धोका. रंग पाहून सुईतलं औषध किती कमी-जास्त करायचं, तेही डॉक्टरांनी ठरवून दिलं. निघताना यांना बजावलं, “नळी निळी राहायला लागली आणि जखम भरली, की मग पाण्यात उतरा. आधी उतरलात तर पाय कापावा लागेल.”

घरी आल्या आल्या पहिलं भांडण चुलीवरून झालं. “ज्या चुलीवर देवाचा निवद शिजते त्या चुलीवर मूत उकडाचं?” सासूबाईंनी पदर खोचला. मीही तेव्हा फारशी अडून बसले नाही, मलाही किळस होतीच. शेवटी यांनी सांदवाडीत तीन दगड मांडले. काटक्या पेटवून तिथेच नळी उकळायची, आणि रंग दाखवायला दारात आणायची. मुताच्या नळीपाशी कोण जाऊन उभं राहणार? हे एकटेच असायचे.

सुरुवातीला नळी लालच यायची. मी काही बोलत नसे, पण माझं तोंड मला लपवता येत नाही, जन्माची खोड आहे. सासूबाई तर देवापाशी जाऊन रडायला बसत. मग हळूहळू पिवळी आली, हिरवी आली, आणि एका सकाळी निळी. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. पुढे रोजच निळी यायला लागली. आमच्या ढिवरांच्या टोळीत रामरामाच्या जागी तोच सवाल सुरू झाला, “का सोमा, निळी का लाल?” हे ऐटीत सांगायचे, “निळी!” ठरल्याप्रमाणे मी सुईतलं औषध कमी करत गेले.

उन्हाळा चढला. तलाव आटला की आमच्याकडे सगळे ढिवर एकत्र पाण्यात उतरून जाळी ओढतात. गावासाठी तो सणच असतो. त्या दिवशी काठावर बसतो तो म्हातारा किंवा लंगडा. यांनी जाळ्याची दुरुस्ती काढली, पायाला स्वतःच पट्टी बांधायला लागले. मला हात लावू देईनात. म्हणत, “सुकली जखम. आता काय पाहतं?”

जाळी ओढायच्या आदल्या संध्याकाळी मी सांदवाडीत भांडी घासायला गेले. दगडाशी मुंग्या होत्या. तुरळक नाही, काळी दाट रीघ, दवाखान्यात जायच्या आधी असायची तशीच. मी राख हातात घेऊन उभी राहिले. सकाळी तर नळी निळी होती. नळी खरी असेल तर मुंग्या कशाला आल्या?

मी आत गेले, यांच्या हातात वाटी दिली आणि म्हटलं, “यात करा. माह्या समोर.” यांचा चेहरा उतरला तेव्हाच मला कळायचं ते कळलं. तरी मी नळी भरली आणि चुलीकडे वळले. सासूबाई आडव्या आल्या.

“चूल बाटवतं का वो?”

“चूल उद्या सारवता येते,” मी म्हटलं. “पाय कुठून आनाल?”

त्या बाजूला झाल्या. नळी उकळली आणि बघता बघता विटेच्या रंगाची झाली.

“इहिरीचं पानी टाकत होतो,” हे खाली बघून म्हणाले.

विहिरीचं पाणी! त्यात साखर कुठली? ते निळंच राहणार. आणि त्या निळ्या रंगावर विश्वासून मी औषध कमी करत होते. मी रागानं विचारलं, “काऊन? पान्यात उतराले?”

“ते तं होतंच,” हे म्हणाले. “पन लाल दिसली का तुह्या तोंडावर मसनवट दिसे. माय रडे. निळी दिसली का तू हासे. मंग मी मनलं, निळीच दाखवू.”

मला यांना बडवावंसं वाटत होतं आणि ऊर फुटून रडावंसंही. मी खाली बसून पट्टी सोडली. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं.

सकाळी सगळी टोळी जाळी खांद्यावर घेऊन तलावाकडे निघाली आणि आमची बैलगाडी उलट्या दिशेला. हे गाडीत तोंड फिरवून पडले होते. सासूबाईंनी यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तलावाकडून ओरडा ऐकू आला तेव्हा यांच्या कानावर पदर धरला.

डॉक्टर म्हणाले, “गँगरीन झालंय. म्हणजे मांस मेलंय. बोटं काढावी लागतील. अजून थांबला असता तर गुडघ्यापासून पाय गेला असता.” बोटं गेली, पाय वाचला. डॉक्टर यांच्यावर रागावले नाहीत. उलट मला बाहेर बोलावून म्हणाले, “बाई, नळीचा रंग म्हणजे परीक्षेचा निकाल नाही. लाल आली तर रोग्यानं गुन्हा केला असं नसतं. आज काय करायचं, एवढंच ती सांगते.”

ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना माझं हेच सांगणं आहे. सुई येईल, पथ्य जमेल. आपलं तोंड सांभाळणं सगळ्यांत कठीण. आजारी माणूस आकड्याला भीत नाही, तो घरच्यांच्या चेहऱ्याला भितो. मी फार कष्टानं शिकले. घरी परतल्यावर नळी चुलीवरच उकळायची, सगळ्यांसमोर, आणि रंग कोणताही येवो, मी एकच बोलायचे, “बरं, समजलं.” सासूबाईंनाही तेच शिकवलं. त्यांना ते माझ्याहून लवकर जमलं, हे मान्य करते.

यांना मात्र वेळ लागला. नळी उकळताना हे माझ्याकडे चोरून बघायचे, रंगाकडे नंतर.

मग एकदा वरोऱ्याला नात्यातलं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मी दारात तांदूळ निवडत होते. हे काठी टेकत, लंगडत माझ्यासमोर आले आणि त्यांनी स्वतःच उकळून आणलेली नळी माझ्या डोळ्यांपुढे धरली. लालभडक.

“काल बुंदी खाल्ली,” हे म्हणाले. “दोन डाव भरून.”

“बरं, समजलं,” म्हणायला मी तोंड उघडलं, पण मला रडूच कोसळलं. हे घाबरले, “अवो, नाई खानार परत!” म्हणायला लागले. त्यांना कसं सांगू? इतके दिवस निळी नळी पाहून मी हसत होते, पण त्या लाल नळीएवढा आनंद मला कोणत्याच निळीनं दिला नव्हता.