डायवरकाकांची टोपी

हातात कोणतीही गोल वस्तू आली की डायवरकाका ती दोन्ही बाजूंनी धरायचे. ताट असो, परात असो. उभा जन्म परतवाडा-सेमाडोह घाटात बस चालवण्यात काढलेला माणूस, दुसरं काय करणार! हे माझे सख्खे काका. लकवा मारला आणि उजव्या हाताची बोटं मिटली की उघडेनात. तेव्हा व्यायाम म्हणून टोपी विणायची गोल चौकट अमरावतीच्या बाजारातून मीच आणून दिली.

चौकटीभोवती खुंट्या. खुंटीला लोकर गुंडाळायची, आकडीने खालचा वेढा उचलून वरच्यावरून मागे टाकायचा. पण काका लोकर अशी आवळायचे की वेढा उचलता येत नसे. जोर लावला की टाका सुटायचा.

"काका, जरा ढिलं सोडा ना!"

"ढील देली का गाडी खाईत जाते, पोरी."

मग चिडून सगळंच उसवायला निघायचे. "अहो, एकच टाका सुटलाय, आकडीने वर चढवा!" मी ओरडायचे. ऐकतील तर शपथ! "अर्धवट दुरुस्त केलेली गाडी मले नाई चालत," म्हणायचे. काकू आत डोळे पुसायची. हात उघडला तरच अकोल्याच्या डॉक्टरी तपासणीत पास होऊन पुन्हा गाडी मिळणार होती. "घरात बसून मी मरून जाईन वं," ते एकदा म्हणाले.

तपासणीच्या सकाळी मात्र सुटलेला टाका त्यांनी न उसवता स्वतः वर आणला. "पाय, आला का नाई!" मी टाळ्या पिटल्या. वेडी आशा! अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "आता स्टेअरिंग विसरा."

घरी येताच काकांनी चौकट मागितली. टोपी संपतच आली होती. त्यांनी वेढे खुंट्यांवरून काढले आणि दोरा ओढला.

"का उसवता, काका? एकही चूक नाही!"

"थंडीत गाडीवर घालाले होती ते," म्हणाले आणि ओढतच राहिले.

मग रिकामी चौकट दोन्ही हातांत धरून बसले. हळूच डावीकडे वळवली, मग उजवीकडे. वळणावर खांदाही झुकला. मी समोर उभी.

"उभी कावून हायस? बस मांगं. सेमाडोह आलं का सांगतो."

मी त्यांच्या मागे खाटेवर जाऊन बसले. काका त्याच हिवाळ्यात गेले. सेमाडोह आल्याचं सांगायचं राहूनच गेलं.